शिफारस आणि जामीन

जाहिरातीच्या धंद्यात सध्या एक समजूत सर्वमान्य होऊन बसली आहे. एखाद्या वस्तीशी किंवा कामगारवर्गाशी ब्रँडचं नातं जोडायचं, तर त्यांच्यातलीच वाटणारी, त्यांच्या बोलीत बोलणारी, मोबाइलवर बऱ्यापैकी पाहिली जाणारी एक व्यक्ती शोधायची. तिच्या हाती माल आणि थोडे पैसे ठेवायचे. मग तिच्यावरचा लोकांचा विश्वास आपोआप मालावर उतरतो. याला ‘कम्युनिटी बिल्डिंग’ असं भारदस्त नाव आहे. मला ही समजूत उथळ वाटते. वाद नुसत्या शब्दांचा असता तर सोडून दिला असता. पण पैसे कुणाला मिळायचे आणि शिव्या कुणी खायच्या, हे याच समजुतीवरून ठरतं.

माझं म्हणणं असं आहे. इन्फ्लुएन्सर देतो ती शिफारस. माणसं आपसात ज्याला नातं म्हणतात, त्याच्या बुडाशी मात्र जामीन असतो. म्हणजे सांगितलेलं खोटं निघालं तर सांगणाऱ्याला काहीतरी भरून द्यावं लागतं: पैसे, वेळ, नाहीतर अब्रू. शिफारस विकत घेता येते, जामीन स्वतः राहावं लागतं. आजच्या व्यवहारात शिफारशीचा फायदा ब्रँडच्या पदरात पडतो आणि जामीनकी शिफारस करणाऱ्या पोरीच्या गळ्यात राहते. कुंभारीच्या कामगार वस्तीकडे पाहिलं की हे नीट कळतं.

कुंभारीच का?

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी लागतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. 2006 मध्ये इथल्या माळावर विडी कामगार स्त्रियांच्या 10,000 घरांच्या वसाहतीचं लोकार्पण तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. वसाहतीला नाव दिलं कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं. मागे होती माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरच्या भाषेत आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखालची लांबलेली लढाई. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं. नियोजन 30,000 घरांचं, आणि त्यांतली पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

मार्केटिंगवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ही जागा आहे. हजारो कुटुंबं एकदम नव्या घरात येतात, प्रत्येक घराला पंखा हवा, मिक्सर हवा, आणि माणसं अशी एकवटलेली की एक चेहरा पकडला तर सगळी वस्ती हातात येईल, असा हिशेब सहज मनात येतो. तो हिशेब जिथे चुकतो तिथूनच माझा मुद्दा सुरू होतो.

1. प्रेक्षक आणि समाज यांतला फरक

प्रेक्षक हा सुट्या माणसांचा ढीग असतो. प्रत्येकाची नजर पडद्यावरच्या चेहऱ्याकडे असते, शेजारी बसलेल्याची त्याला ओळख असेलच असं नाही. समाजात नजरा एकमेकांकडे असतात. कसोटी सोपी आहे: एक जण फसला तर बाकीच्यांना किती वेळात कळतं? इन्फ्लुएन्सरच्या लाखभर अनुयायांपैकी एकाची क्रीम लावून कातडी जळाली, तर उरलेल्यांना बहुधा कधीच कळत नाही. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत दुपारी जळालेली कातडी संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना माहीत झालेली असते. ब्रँडला लाख अनुयायांची भीती वाटत नाही, आणि त्यात नवल नाही. चार गल्ल्यांची मात्र वाटायला हवी.

दुसरं असं की ‘मराठी कम्युनिटी’ या रकान्यात ही वस्ती मावत नाही. सोलापूरच्या विडी कामगारांत मोठा भरणा पद्मशाली आणि इतर तेलुगू भाषक कुटुंबांचा. यंत्रमागाच्या आणि विडीच्या कामासाठी तेलंगणातून आलेल्यांच्या पुढच्या पिढ्या या. घरात तेलुगू, पोरांच्या शाळेत मराठी, आजूबाजूच्या गावांत कन्नड, बाजारात या सगळ्यांसोबत सोलापुरी हिंदी. एकच बाई सासूशी एका भाषेत, दुकानदाराशी दुसऱ्या आणि पोराशी तिसऱ्या भाषेत बोलते, आणि विश्वासाची भाषा यांतली नेमकी कुठली हे विषयावर ठरतं. दुखण्याखुपण्याचं एका भाषेत, पैशाचं दुसऱ्या. पुण्या-मुंबईतल्या एजन्सीनं ‘लोकल टच’ म्हणून पाठवलेली गावरान मराठी इथे कुणाचीच नसते.

2. संशोधनाचा उलटा वाचलेला धडा

या धंद्याची शास्त्रीय वंशावळ बहुधा एका पुस्तकापर्यंत नेली जाते. एलिहू काट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांचं 1955 चं ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिकेटर नावाच्या शहरात सुमारे 800 बायकांच्या मुलाखती त्यासाठी घेतल्या होत्या. किराणा काय घ्यावा, कपडे कसे असावेत, सिनेमा कुठला पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर काय मत असावं, हे त्या कुणाला विचारून ठरवतात, याचा तो शोध होता. मत बनवताना प्रसारमाध्यमांपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त वजनदार ठरतो, एवढंच वाक्य जाहिरातवाल्यांनी उचललं.

बाकीचं तिथेच राहिलं, आणि खरा ऐवज त्यातच आहे. विषय बदलला की सल्ला देणारी बाई बदलत होती. घरखर्चाच्या बाबतीत शब्द चालायचा तो मोठं कुटुंब सांभाळणाऱ्या गृहिणींचा, फॅशनच्या बाबतीत तरुण मुलींचा. सल्ला देणारी आणि घेणारी बहुतेक वेळा एकाच थरातल्या, रोज भेटणाऱ्या असत. तिथे कुणी ‘प्रभावी व्यक्ती’ अशी वेगळी जात नव्हती. तेलाच्या डब्याबद्दल जिचं ऐकलं जायचं तिचं साडीबद्दल ऐकलं जाईलच असं नव्हतं. आपण या निष्कर्षाचं काय केलं? एकाच मुलीच्या हाती सकाळी शॅम्पू, दुपारी कर्जाचं अॅप आणि रात्री मसाला दिला, आणि तिचा शब्द तिन्हीकडे सारखाच चालेल असं धरून चाललो.

3. जामीन म्हणजे काय

किराणा दुकानात उभी राहून एक बाई म्हणते, ‘हिला दे, माझ्या नावावर लिही.’ यात शिफारस आहे, पण तिच्यापेक्षा जड काहीतरी आहे. दुसरीनं पैसे बुडवले तर पहिलीला द्यावे लागणार. बोलण्याची किंमत म्हणून तिनं आधीच काहीतरी पणाला लावलं आहे, म्हणून दुकानदार ऐकतो. भिशीत हेच चालतं. लग्न जमवताना मध्यस्थाला पाच वर्षांनीही जाब विचारतात तो याच हिशेबानं.

या गोष्टीची किंमत जाहिरातवाल्यांच्या कितीतरी आधी कर्ज देणाऱ्यांनी ओळखली. बायकांचा गट करायचा, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. गटकर्जाचा सगळा डोलारा एकमेकींच्या हमीवर उभा आहे. वसुलीच्या दिवशी त्यातून कसले प्रसंग उभे राहतात हे कामगार वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको, आणि मी त्या पद्धतीचं गुणगान करत नाही. पण शेजारणीचा शब्द तारण म्हणून वापरता येतो, हे सावकाराला समजलं होतं. इन्फ्लुएन्सर मार्केटिंगही तेच तारण वापरतं. तारण घेतल्याची पावती तेवढी देत नाही.

तीस सेकंदांच्या व्हिडिओत मुलगी म्हणते, ‘मी स्वतः वापरते, तुम्ही पण वापरून बघा.’ वाक्य जामीनदाराचं आहे, करार शिफारशीचा आहे. सगळी गोम या फटीत आहे.

4. विडीने आधीच शिकवलेला धडा

कुंभारीतल्या बाईला ‘ब्रँडशी नातं’ म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. तिच्या घरात ते पिढ्यानपिढ्या आहे. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायचा, पानं भिजवून कापायची, विड्या वळायच्या, धागा बांधायचा, मोजून परत न्यायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. विडीवर लेबल कंपनीचं, वळणारा हात तिचा, आणि कारखान्याची भिंत म्हणजे तिच्याच घराची भिंत. तंबाखूच्या जाहिरातीवर 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणजे या वस्तीचा सर्वांत जुना ब्रँडसंबंध जाहिरातीच्या वाटेला न जाताच चालू आहे.

या धंद्याची रचना बघा. मालक लांब, कामगार घरात, मध्ये ठेकेदार. मजुरी कमी पडली, विड्या खराब ठरवून बाद केल्या, नोंद झाली नाही, की बाईनं भांडायचं ते ठेकेदाराशी. मालकाचे हात वर: ही आमची कामगारच नाही. विडी कामगारांच्या चळवळी देशभर लढल्या त्या बऱ्याच अंशी या एका वाक्याविरुद्ध. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं ते वाक्य मोडलं. घरी काम करणारी बाईसुद्धा कामगार ठरली. मध्ये ठेकेदार असला तरी ज्याच्यासाठी काम होतं त्या मुख्य मालकावर जबाबदारी आली. पुढे 1976 मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. कुंभारीची वसाहत उभी राहू शकली ती, विडी वळणारी बाई कामगार आहे आणि तिचं कुणीतरी देणं लागतं, हे आधी कागदावर आलेलं होतं म्हणून.

आता या आकृतीवर दुसरी आकृती ठेवून पाहा. ब्रँड लांब, ग्राहक घरात, मध्ये इन्फ्लुएन्सर. माल खराब निघाला की बाई भांडणार ती व्हिडिओतल्या मुलीशी, कारण तिचा चेहरा माहीत आहे. कंपनीचा पत्ता डब्याच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत असतो की वाचायला चष्मा बदलावा लागतो. पूर्वी श्रम ठेक्यानं दिले जात होते, आता विश्वासार्हता ठेक्यानं दिली जाते. एक फरक मात्र आहे आणि तो इन्फ्लुएन्सरच्या बाजूचा नाही. विडीचा ठेकेदार दोन पैसे राखून सुरक्षित असायचा. वस्तीतली ही मुलगी उद्याही त्याच नळावर पाणी भरणार असते.

5. उसनं घेतलेलं नाव

ब्रँडनं समाजाकडून न विचारता काही घेतलं, तर त्याचं व्याज किती वर्षांनी द्यावं लागेल हे सांगता येत नाही. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी विडी’ कित्येक दशकं त्या नावानं खपली. छत्रपतींचं नाव व्यसनाच्या वस्तूवर नको, म्हणून 2020 मध्ये आंदोलन पेटलं. कंपनीनं नाव बदलण्याचं जाहीर केलं आणि विडी ‘साबळे’ झाली. नाव स्वीकारलं तेव्हा बहुधा कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या नावावर ज्यांची श्रद्धा होती त्यांच्याशी कंपनीचा कसलाच करार नव्हता, आणि ज्या बायका ती विडी वळत होत्या त्यांना या वादात कुणी विचारलंही नाही.

याच्या उलट्या टोकाचा प्रसंग 1929 चा, न्यूयॉर्कचा. एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञानं अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी ईस्टरच्या मिरवणुकीत तरुण स्त्रियांना सिगारेटी पेटवून चालायला लावलं आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटलं. आजच्या इन्फ्लुएन्सर मोहिमेचा सगळा सांगाडा त्यात आहे: चळवळीची पुण्याई भाड्यानं घ्यायची, पैशाचा उल्लेख टाळायचा, बातमी झाली की बाजूला व्हायचं. स्त्रीमुक्तीची चळवळ त्यातून काय कमावून बसली हे सांगता येणार नाही. तंबाखू कंपन्यांनी काय कमावलं ते सांगता येतं.

6. आक्षेप

*कायदा आहे की.* आहे. जाहिरात क्षेत्राच्या ‘अॅस्की’ या स्वयंनियमन संस्थेनं 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियमावली काढली, जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं मार्गदर्शक सूचना दिल्या. पैसे किंवा माल घेतला असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत दिसणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर 50 लाखांपर्यंत. आपण पुरेशी खातरजमा केली होती असं दाखवता आलं तर सुटका. 2015 च्या मॅगी नूडल्स प्रकरणात हरिद्वारच्या अन्न विभागानं जाहिरातीत दिसणाऱ्या माधुरी दीक्षित यांना नोटीस पाठवली होती, तेव्हापासून चेहऱ्याच्या जबाबदारीची चर्चा आपल्याकडे जोरात आहे. ती व्हायलाच हवी. पण खातरजमा कुणाला परवडते? नटीकडे वकील असतो, व्यवस्थापक असतो. पाच हजार अनुयायी असलेल्या मुलीनं क्रीममध्ये पारा आहे का हे कुठल्या प्रयोगशाळेत तपासायचं? शिवाय ‘पेड पार्टनरशिप’ अशी इंग्रजी पट्टी कोपऱ्यात लावली की नियमाची बूज राहते, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईला काही कळत नाही. पैसे घेतले एवढं ही पट्टी सांगते. माल बिघडला तर कुणाला धरायचं, ते सांगत नाही.

*स्थानिक, छोट्या इन्फ्लुएन्सरनं हा प्रश्न सुटतो.* हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. लाखो अनुयायांच्या ताऱ्यापेक्षा वस्तीतलीच मुलगी घेतली तर ती आपोआप जामीन राहते, कारण तिला तिथेच राहायचं आहे. बरोबर, राहते. माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. जितका इन्फ्लुएन्सर छोटा आणि जवळचा, तितकं त्याचं तारण मोठं आणि मोबदला लहान. ताऱ्याला कोटी मिळतात आणि पणाला काही लागत नाही, कारण मुंबईतल्या त्याच्या दारापर्यंत कुंभारीची बाई जात नाही. हिला दोन साड्या आणि एक मिक्सर मिळतो, आणि पणाला लागते ती आईची भिशीतली पत. या ‘मायक्रो’ शब्दानं लपवलं आहे ते हेच. हिंदुस्थान युनिलिव्हरनं 2000 सालाच्या सुमारास तेलंगणातल्या नलगोंडा भागात ‘शक्ती’ योजना सुरू केली, तीत खेड्यातली बाई निदान विक्रेती होती: माल तिच्याकडे, नफ्यात वाटा तिचा, आणि गिऱ्हाईक परत आलं तर बोलायला काही हातात. आजच्या व्हिडिओवालीच्या हातात लिंकशिवाय काही नसतं.

*गरीब मुलीला चार पैसे मिळतात, ते का अडवायचे?* अडवू नयेत. दिवसभर मान मोडून विड्या वळण्यापेक्षा मोबाइलपुढे बोलून कमावणं कुणालाही आवडेल, आणि तिला तंबाखूच्या धुरळ्यातून बाहेर काढणारी कुठलीही वाट मी तरी बंद करणार नाही. वाद दराचा आहे. तिला मिळतात ते व्हिडिओच्या सेकंदांचे पैसे, आणि विकलं जातं ते तिच्या आईनं वीस वर्षांत वस्तीत कमावलेलं नाव. मोबदल्यात माल देण्याची प्रथाही याच खात्यात मोडते. धंद्यानिमित्त मिळालेली भेटवस्तूसुद्धा मोबदलाच, हे प्राप्तिकर खात्यानं मान्य केलं आहे. जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा लाभावर करकपात आहे. कंपन्यांच्या लेखी मात्र मिक्सर ही अजून प्रेमाची भेट आहे.

*विक्री वाढते, मग अजून काय पाहिजे?* काही नको. फक्त त्याला विक्री म्हणा.

7. जामीन राहणारा ब्रँड

हे शक्य आहे का? 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथली सभासद बहीण ‘आमचा पापड’ म्हणते तेव्हा ती इन्फ्लुएन्सर नसते. नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो, म्हणून तिचा शब्द जामिनाचा होतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, देशातल्या सुरुवातीच्या मानांकनांपैकी ते एक. सोलापूर हे नाव कुणी उपऱ्यानं चादरीवर छापलं तर आक्षेप घ्यायचा कायदेशीर हक्क त्यातून येतो. दोन्ही ठिकाणी समाजाला ‘जोडून’ घेतलेलं नाही. नावाची मालकी समाजाकडे आहे.

प्रत्येक साबण कंपनीनं लिज्जत व्हावं अशी अपेक्षा नाही. पण कुंभारीत यायचं असेल तर करार बदलता येतो. सध्या बऱ्याच करारांत कंपनीचं नुकसान इन्फ्लुएन्सरनं भरून द्यायचं कलम असतं. ते उलटं करावं: शिफारशीमुळे तिच्यावर जो दावा येईल, जे भांडण येईल, त्याचा खर्च कंपनीचा. बिघडलेला माल बदलून द्यायचा अधिकार तिच्या हाती असावा, म्हणजे दारात आलेल्या शेजारणीला ती ‘थांब, देते’ म्हणू शकेल. करार एका व्हिडिओचा नको, निदान वर्षाचा हवा, कारण मिक्सर तिसऱ्या आठवड्यात बिघडत नाही, आठव्या महिन्यात बिघडतो. मालाचा दोष उघड सांगायची मुभा तिला लेखी असावी. त्यानं विक्री घटेल हे मला मान्य आहे. कर्जाच्या अॅपसाठी तर वस्तीतला चेहरा वापरूच नये. तिथे जामीन हा शब्द रूपक उरत नाही.

आणि डब्यावर तक्रारीचा जो फोन नंबर असतो, त्यावर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारं माणूस असावं. मोहीम सुरू करण्याआधी मार्केटिंगच्या साहेबांनी कुणा तेलुगू बोलणाऱ्या बाईला शेजारी बसवून तो नंबर एकदा लावून बघावा. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, विड्या वळताना बायकांची तोंडं मोकळी असतात तेव्हा.